‘पुरस्कर्ती’ नको, ‘सत्कारमूर्ती’ चालेल

प्रश्न असा आला आहे: रिटा मोरेनो या अमेरिकन अभिनेत्री-गायिका-नर्तिकेवर मराठीत लेख लिहायचा आहे. तर ‘ऑस्कर पुरस्कर्ती’ लिहावं, ‘ऑस्कर पुरस्कृत’ की ‘ऑस्कर विजेती’? त्यांच्या बाकीच्या मानसन्मानांना सरसकट ‘पुरस्कार’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘ईगॉट’ला, म्हणजे टीव्हीचं एमी, संगीताचं ग्रॅमी, चित्रपटाचं ऑस्कर आणि रंगभूमीचं टोनी हे चारही जिंकण्याला, मराठीत काय म्हणायचं?

‘पुरस्कर्ती’ अजिबात नको. पुरस् म्हणजे पुढे, आणि पुरस्कार म्हणजे पुढे करणं, पुढे ठेवणं. यातून मराठीत दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदू लागले. एक बक्षिसाचा, दुसरा पाठिंब्याचा. आगरकरांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला म्हणताना त्यांनी कुणाला ढाल दिली असं आपल्या मनातही येत नाही. ‘पुरस्कर्ता’ हा शब्द पूर्णपणे या दुसऱ्या घरचा. त्यामुळे ‘ऑस्करच्या पुरस्कर्त्या मोरेनो’ म्हटलं की बाई ऑस्करचा प्रचार करत दारोदार फिरताहेत असं चित्र उभं राहतं.

‘पुरस्कृत’ संस्कृतच्या हिशेबाने चूक नाही, पण निवडणुकीच्या बातम्यांनी त्याचं काय केलंय ते पाहा. ‘पक्ष पुरस्कृत अपक्ष उमेदवार’! पुरस्कृत म्हणजे कुणीतरी पाठीशी उभं असलेला, बऱ्याचदा पैसे घालून. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर ‘पुरस्कृत’च्या पुढे गावातल्या सराफाचं नाव असतं. तेव्हा ‘पुरस्कारप्राप्त’ म्हणा किंवा सरळ ‘विजेत्या’. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यांना आपण ‘ऑस्करविजेत्या’च म्हणतो आणि कानाला काही खटकत नाही.

‘मानकरी’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण त्याची मूळ जात वेगळी आहे. जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखीपुढे कोण चालणार, हे ज्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं ते मानकरी. तिथे स्पर्धा नसते. वर्तमानपत्रांनी ‘मानकरी ठरली’ हा प्रयोग रूढ केला आणि त्या ‘ठरली’मुळे तो चालून जातो. आयता आलेला मान निवडीने मिळाला, एवढा बदल ते एक क्रियापद करून टाकतं.

आता दुसरा प्रश्न. खरा गुंता इथे आहे, कारण मोरेनोबाईंच्या कपाटात एकाच जातीच्या वस्तू नाहीत.

स्पर्धेत जिंकलेलं आधी पाहू. ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या अनिताच्या भूमिकेसाठी १९६२ च्या सोहळ्यात ऑस्कर. (आयुष्यात त्यांना ऑस्करचं नामांकन एकदाच मिळालं, आणि त्याचंच ऑस्कर झालं. ‘मानांकन’ लिहू नका. ते टेनिसपटूंना आणि कारखान्यांना मिळतं.) ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ या मुलांच्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी इतर कलाकारांसह ग्रॅमी. ‘द रिट्झ’ या नाटकासाठी १९७५ मध्ये टोनी. आणि १९७७ मध्ये ‘द मपेट शो’साठी एमी, पुढच्याच वर्षी ‘द रॉकफर्ड फाइल्स’साठी आणखी एक. त्यातला मपेटवाला भाग जरूर बघा. बाई संथपणे, नजर रोखून गाणं म्हणताहेत आणि मागे अ‍ॅनिमल नावाचं बाहुलं मधेच धाडधाड ड्रम बडवतंय. त्या थांबतात, त्याला डोळे वटारून दाखवतात, पुन्हा सुरू करतात. शेवटी दोन मोठ्या झांजा उचलून त्यांच्यामध्ये त्याचं डोकं आपटतात. या सगळ्यांना ‘पुरस्कार’ म्हणा, ‘पारितोषिक’ म्हणा, दोन्ही चालतं. पारितोषिकात ‘परितोष’ आहे, परीक्षकांचा संतोष. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत अजून ‘प्रथम पारितोषिक’च असतं, आणि ते मला जास्त नेमकं वाटतं.

पण २०१५ चा केनेडी सेंटर ऑनर, म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या कलाकेंद्राचा सन्मान, हा पुरस्कार नव्हे. तिथे स्पर्धा नाही, नामांकनं नाहीत, पाकीट फोडणं नाही. दरवर्षी काही ज्येष्ठ कलावंत निवडतात, गळ्यात पदक घालून त्यांना वरच्या सज्जात बसवतात, आणि खाली रंगमंचावर दुसरे कलाकार त्यांच्या कामाला उजाळा देतात. त्या वर्षी मोरेनोंच्या सोबतीला जॉर्ज लुकास, कॅरोल किंग, सेइजी ओझावा आणि सिसिली टायसन होते. इंग्रजीत अशा व्यक्तीसाठी ‘ऑनरी’ हा जो शब्द आहे त्याला अनेकजण ‘सन्मानार्थी’ लिहितात. अहो, ‘अर्थी’ म्हणजे इच्छुक! विद्यार्थी, शरणार्थी, लाभार्थी. ऐंशी ओलांडलेल्या बाईंना सन्मानाच्या रांगेत कशाला उभं करता? आपल्याकडे याला बावनकशी शब्द आहे: सत्कारमूर्ती. मूर्तीसारखं बसायचं, लोकांनी हार घालायचे. केनेडी सेंटरला तर हा शब्द आपल्या सभांपेक्षाही चपखल बसतो. आपली सत्कारमूर्ती शाल-श्रीफळ घेऊन झालं की उठते आणि ‘सत्काराला उत्तर’ म्हणून पाऊण तास बोलते. तिथे सज्जातल्या पाहुण्याने भाषण करायचं नसतं. ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, जमल्यास डोळे पुसायचे.

२००४ चं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हे पदक. शब्दशः ‘अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक’ करू नका. ते वाचून मराठी माणसाला बेचाळीसची चळवळ आणि ताम्रपट आठवतील. नाव तसंच देवनागरीत ठेवा आणि पुढे ‘हा अमेरिकेतल्या सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी एक’ एवढं जोडा. २००९ सालचं नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मात्र ‘राष्ट्रीय कलापदक’ म्हणून सहज उतरतं. या दोन्हींना ‘किताब’ म्हणणं टाळा. किताब नावाला चिकटतो. रावबहादूर हा किताब, महाराष्ट्र केसरी हाही किताब. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने सरकारी किताबच बंद केले. पद्म सन्मान हे किताब नाहीत, ते नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. निमंत्रणपत्रिकांच्या छापखान्यापर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डने २०१४ मध्ये दिला तो ‘जीवनगौरव’. छान शब्द आहे, फक्त तो ऐकला की सभागृहात निरोपसमारंभाचं वातावरण तयार होतं. मोरेनोबाई त्यानंतर दूरचित्रवाणी मालिकेत आजी झाल्या आणि २०२१ च्या नव्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त वेगळ्याच भूमिकेत परतल्या. तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या.

राहिला ‘ईगॉट’. एमी, ग्रॅमी, ऑस्कर, टोनी यांची इंग्रजी आद्याक्षरं. मराठी आद्याक्षरं जुळवून पाहिली तर ‘एग्रॅऑटो’ होतं, आणि तो रिक्षाचा प्रकार वाटतो. तेव्हा ईगॉटच राहू द्या. पण ‘ईगॉट पुरस्कार मिळाला’ हे चूक, कारण असा पुरस्कार कुणी देतच नाही. हॅटट्रिक जशी ‘मिळत’ नाही, ‘साधतात’, तसं ईगॉट साधायचं किंवा पूर्ण करायचं. गंमत म्हणजे मोरेनोबाईंनी ते १९७७ मध्ये पूर्ण केलं तेव्हा हा शब्दच नव्हता. संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि अभिनेत्री हेलन हेज यांच्यानंतर त्या तिसऱ्या. शब्द आला १९८४ च्या सुमारास, ‘मायामी व्हाइस’ या टीव्ही मालिकेतला नट फिलिप मायकेल थॉमस याने काढला. चारही पुरस्कार मिळवायचे म्हणून त्याने ती अक्षरं कोरलेलं पदकच गळ्यात घातलं होतं. त्याला चारांतला एकही मिळाला नाही, पण त्याचा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी बसला.

आणि ईगॉट साधणाऱ्या व्यक्तीला? ‘अष्टपैलू’ क्रिकेटवाल्यांनी पळवला, तो वाचला की पाठोपाठ बळींची संख्या येईल असं वाटतं. ‘हरहुन्नरी’ गोड आहे, पण त्यात थोडी घरगुती कौतुकाची छटा आहे, फ्यूजही दुरुस्त करतो आणि पेटीही वाजवतो अशी. माझं मत ‘चतुरस्र’ला. अस्र म्हणजे कोपरा. चतुरस्र म्हणजे चार कोपऱ्यांचा, म्हणून सगळीकडून नीट बेतलेला. नाट्यशास्त्रात नाट्यगृहांचे तीन आकार सांगितलेत, विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र. म्हणजे शब्द रंगभूमीच्याच घरचा, आणि पुरस्कारही नेमके चार. ‘ऑस्करविजेत्या चतुरस्र कलावती रिटा मोरेनो’ असं खुशाल लिहा.

फक्त ‘चतुरस्त्र’ लिहू नका. त्यात ‘त’ घुसला की चार अस्त्रं होतात. एका ज्येष्ठ गायिकेच्या सत्काराच्या पत्रिकेचं मुद्रितशोधन मी केलं होतं. पाचशे प्रती वाटून झाल्यावर तो ‘त’ मला दिसला.