गळा बघ आधी

प्रिय शिष्योत्तमा,

‘मी इथलाही राहिलो नाही आणि तिथलाही झालो नाही, मग संगीत लिहू कुणाचं?’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीन ठिकाणी आहे. पहिल्यांदा वाचून पोटात कालवलं. तिसऱ्यांदा वाचताना सरळ राग आला. परक्या गावात वीस हौशी माणसांनी समूहगायनाचा कॉयर तुझ्या हाती दिलाय, त्यातला तो बेकरीवाला पहाटे तीनपासून कणीक मळून संध्याकाळी तालमीला उभा राहतो, आणि तू स्वतःला शोधत बसलायस. त्याचा गळा कुठवर चढतो, माहीत आहे तुला?

संगीतकार दावोरिन येंकोबद्दल तुला कधी सांगितलं नाही, ही माझीच चूक. जन्मानं स्लोव्हेन, १८३५चा. व्हिएन्नाला कायदा शिकायला गेला आणि गाण्यात अडकला. मार्टिन हे नाव टाकून दावोरिन झाला. १८६०मध्ये तिथे त्यानं स्लोव्हेनांसाठी ‘नाप्रेय झास्तावा स्लावे’ला चाल लावली, झेंड्याला पुढे हो म्हणणारं गाणं. पुढे पान्चेव्हो या गावी सर्ब लोकांची गायनमंडळी सांभाळायला गेला, तिथून सर्बियातल्या बेलग्रेडच्या गायनमंडळीत आणि १८७१मध्ये तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहात. १९०२पर्यंत तिथेच. एकतीस वर्षं, तीही नाटकाच्या वाद्यवृंदापुढे उभं राहून!

समोर गायक थोडे, नट जास्त. त्यांच्याकडून ऑपेरा गाऊन घेण्याची हौस त्याला असती तर दोन प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला असता. त्यानं नाटकातली पदं लिहिली, नटाला पेलतील अशी. १८८२मध्ये त्याचं ‘व्राचारा’ आलं. सर्बियातली पहिली ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटिका, म्हणतात तिला. त्याच वर्षी पुण्यात ‘सौभद्र’ आलं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. अण्णासाहेबांना भाऊराव कोल्हटकरांचा गळा मिळाला. येंकोला तसलं नशीब नव्हतं. पण दोघांनीही गळा बघितला आणि मग चाल बांधली.

आता माझं ऐक. तुझ्याएवढा असताना एका नाटकाला मी संगीत दिलं. नायकाचा सूर काळी एक. मी त्याचं पद पेटीवरच्या तीन पट्ट्या वर, पांढरी तीनमध्ये बसवलं, कारण त्या सुरात व्हायोलिन खुलत होतं. तालमीत तार गंधारावर त्याचा आवाज फाटायचा. तो मला म्हणाला, दादा, जरा खाली घेऊ या का? मी म्हणालो, रियाज कर. पहिल्या प्रयोगाला तो गंधार लागलाच नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. पुढच्या प्रयोगापासून पदच काढून टाकलं, आणि मी सहा महिने सगळ्यांना सांगत हिंडलो की नट कच्चा होता. चाल चांगली होती, हे मी आजही म्हणेन. अंतरा तर फारच चांगला होता. पण तो गातो कोण आता? मी एकटा, पेटीवर, दुपारी.

म्हणून सांगतो, गळा बघ.

तू म्हणशील, असं लिहिलं की संगीत बाळबोध होतं. होतं कधीकधी. बेलग्रेडची तीच गायनमंडळी पुढे मोक्रान्यात्स या सर्ब संगीतकाराच्या हाती गेली, आणि समूहगायनात त्यानं जी उंची गाठली तिथवर येंको पोचला नाही, हे कबूल. पण १८७२ची गोष्ट बघ. सर्बियाचा तरुण सत्ताधीश मिलान वयात आला म्हणून योवान जोर्जेविचनं एक नाटक लिहिलं, आणि त्यातल्या ‘बोझे प्रावदे’ या प्रार्थनेला येंकोनं चाल लावली. काम प्रसंगापुरतं, पाहुण्यांना उभं करणारं. तू तर म्हणाला असतास, असली फर्माइशी कामं मी करत नाही! दहा वर्षांनी सर्बियाचं राज्य झालं आणि ते राष्ट्रगीत ठरलं. १९१८नंतर सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेनांच्या नव्या मोठ्या राज्यानं तीन गाणी जोडून राष्ट्रगीत केलं, त्यातल्या दोन चाली येंकोच्या. एक सर्बांची, एक स्लोव्हेनांची. तो ते ऐकायला नव्हता. १९१४मध्येच ल्युब्लियानात वारला, ऑस्ट्रिया आणि सर्बिया एकमेकांवर तोफा डागत असताना. आज ‘बोझे प्रावदे’ पुन्हा सर्बियाचं राष्ट्रगीत आहे, आणि ‘नाप्रेय’ स्लोव्हेनियाच्या सैन्याकडे.

त्याला तुझा तो प्रश्न पडलाच नसेल, असं मी म्हणत नाही. पडला असेल रात्री कधीतरी. सकाळी तालीम होती.

मी मात्र पुण्यातून हललो नाही. दोनदा बाहेरून बोलावणं आलं, दोन्हीदा आईचं कारण पुढे केलं. आई खरंच आजारी होती, पण इतकी नव्हती. त्यामुळे परदेशाबद्दल मी तुला काय सांगणार? गळ्याबद्दल सांगू शकतो.

पुढच्या पत्रात ओळख, मुळं वगैरे काही नको. या आठवड्यात तालीम संपली की सगळ्यांना जाऊ दे, बेकरीवाल्याला थांबव. एकेक सूर वर चढव. कुठे मान ताणतो, कुठे डोळे मिटतो, ते वहीत लिही. आणि तो सूर मला कळव.

तुझा,
दादा