मी गेले नाही तर कुणाच्या लक्षात येईल का?

सेवाभावी क्लबात दाखल होऊन पाच महिने झालेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला. वय पन्नाशीच्या आसपास, काम हिशेबाचं. (त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.) राजीनाम्याचा मजकूर त्यांच्या फोनमध्ये तयारच होता.

इंडक्शन, म्हणजे क्लबात रीतसर सामील करून घेण्याचा समारंभ, थाटात झालं होतं. पिन लावली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढे दर पंधरा दिवसांनी सभा. जुने सभासद कुठल्याशा जुन्या शिबिराची आठवण काढून हसायचे आणि यांना त्यातलं काही कळायचं नाही. ज्यांनी त्यांना क्लबात आणलं ते प्रायोजक त्या वर्षी सचिव होते. सभेच्या दिवशी त्यांना मान वर करायला सवड नसे.

सुरुवातीला मी चुकले. “तुम्हीच पुढाकार घ्या, दोघातिघांशी बोला,” असं सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला आणि आणखी खचून परत आल्या. ज्याला आधीच परकं वाटतंय, त्याच्यावरच ओळख वाढवायचं ओझं मी टाकलं होतं.

मग आधी हे तपासलं, की ही उदासी सगळीकडे आहे की फक्त तिथे. झोप, भूक, घर, नोकरी, सगळं ठीक होतं. प्रश्न क्लबापुरताच होता.

त्यांना मी दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा आपला अंदाज बहुधा कमीच निघतो. दुसरा अभ्यास जेफ्री हॉल या संशोधकांचा. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण पन्नास तास सोबत घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. आणि कामापुरतं एकत्र असणं त्यात फारसं धरलं जात नाही, मोकळा वेळ धरला जातो.

बाई हिशेबातल्या. त्यांनी तिथेच कागद घेतला. सभा दीड तासाची, पण मोकळं बोलणं जेमतेम पाव तास. महिन्याला अर्धा तास. पाच महिन्यांत अडीच तास. “म्हणजे पन्नासातले अडीच?” त्या कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. आपल्यात काही कमी आहे, हा त्यांचा समज त्या दिवशी पहिल्यांदा हलला.

प्रायोजकांशी बोलायचं त्यांनीच ठरवलं. ते चकितच झाले. “तुम्ही नेमाने येता, कधी तक्रार नाही. मला वाटलं, रुळलात.” हे मी अनेक संस्थांत पाहिलं आहे. गप्प बसून नियमित येणारा माणूस रुळलेला दिसतो, आणि नेमका तोच एक दिवस यायचा थांबतो.

प्रायोजकांनी प्रामाणिकपणे कबूल केलं, की या वर्षी मला जमणार नाही. त्यांनी दोनच वर्षांपूर्वी आलेल्या एका सभासद ताईंना सोबत दिलं. हे फार चांगलं केलं. मार्गदर्शक म्हणून क्लब बहुतेक वेळा सर्वांत ज्येष्ठ माणूस निवडतात, पण नवखेपण कसं असतं हे त्याला आठवतच नाही. या ताई सभेच्या अर्धा तास आधी यायच्या, कोण कोणाला काय म्हणतं ते सांगायच्या, आणि एकदा सहज बाईंच्या कचेरीत जाऊन आल्या. रोटरीची सुरुवात अशीच झाली होती. पॉल हॅरिस या वकिलाला शिकागोसारख्या मोठ्या शहरात एकटेपण जाणवायचं. १९०५ मध्ये जमलेले पहिले सभासद आळीपाळीने, म्हणजे ‘रोटेशन’ने, एकमेकांच्या कचेरीत भेटत, त्यावरूनच ते नाव पडलं.

काम देतानाही आधी चूक झाली. बाईंना स्वागताच्या टेबलावर बसवलं, तिथे त्या आणखी एकट्या पडल्या. मग नेत्रतपासणी शिबिराचा हिशेब सोपवला. बिलांसाठी त्यांना प्रत्येकाला फोन करावा लागला, आणि प्रत्येकाला त्यांना. नव्या माणसाला असंच काम द्यावं, की ते अडलं तर कुणाचं तरी अडेल.

राजीनाम्याचा मजकूर फोनमध्ये तसाच आहे. काढून टाका, असं मीही म्हटलेलं नाही. मागच्या महिन्यात तापामुळे त्यांची एक सभा चुकली. दुसऱ्या दिवशी दोन फोन आले, दोन्ही बिलांबद्दल. त्यातला एक वीस मिनिटं चालला. तो त्यांनी तासांच्या हिशेबात धरला आहे.