पप्पांच्या वेळी देव बदलला का?

प्रश्न : जय ख्रिस्त. पाच वर्षांपूर्वी मी मोठ्या आजारातून उठले, तेव्हा पप्पा रात्र रात्र गुडघ्यावर होते. यंदा पप्पाच आजारी पडले, आम्ही उपास धरले, चर्चच्या मंडळीने आळीपाळीने साखळी प्रार्थना केली, तरी ते गेले. हॉलमध्ये फ्रेम आहे, 'येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे', ती आता बघवत नाही. देव सारखाच आहे तर असं वेगवेगळं का?
– एक बहीण

उत्तर : जय ख्रिस्त ताई. फ्रेम काही दिवस काढून ठेवली तरी चालेल, देव रागावणार नाही.

तुमचा प्रश्न नवा नाहीये. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १२ वा अध्याय काढा. एकाच अध्यायात, एकाच हेरोद राजाच्या हातून येशूचा शिष्य याकोब तलवारीने मारला जातो आणि दुसरा शिष्य पेत्र, त्याला मात्र देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. तीच मंडळी, तोच देव. याकोब का गेला हे त्या पुस्तकाचा लेखक लूकने लिहिलेलं नाही, आणि लूकने जे लिहिलं नाही ते मी इथं कॉलममध्ये बसून सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. पण एवढं नक्की की देव बदलत नाही म्हणजे दरवेळी रिझल्ट सेम येईल असं शास्त्रात कुठंच नाही. ज्यांनी तुम्हाला 'विश्वास कमी पडला' असं सांगितलं असेल (आपल्याकडे असे लोक असतातच) त्यांचं मनावर घेऊ नका.

आता फ्रेममधलं वचन. ते बायबलमधल्या इब्री पत्राच्या १३ व्या अध्यायातलं ८ वं वचन, पण आपण फ्रेम करताना ७ वं वचन बाहेर ठेवतो ना, तिथंच घोळ होतो. ७ मध्ये म्हटलंय की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते बघा, त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, आणि मग लगेच येतं की ख्रिस्त सारखाच आहे. म्हणजे सांगणारी माणसं गेली होती हो, आणि ज्यांना मागे ठेवून ती गेली अशाच लोकांना हे लिहिलंय. तुम्हाला प्रार्थना करायला कोणी शिकवलं? पप्पांनीच ना. ते ज्याच्याशी रात्र रात्र बोलायचे तो अजून तिथंच आहे, आणि आपला मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरेकडे जाताना रडलेला येशूही तोच.

सध्या स्तुतीगीत तोंडातून निघत नसेल तर स्तोत्र १३ वाचा, सुरुवातच 'कोठवर' अशी तक्रारीने आहे. आणि रविवारी उपासनेला जावंसं वाटत नसेल तर पाळकसाहेबांना सरळ तसं सांगा, उगाच डोकं दुखतंय म्हणू नका.