घरात कमी उजेडात फोटो काढताना

आधी फ्लॅश बंद करा. समोरून पडणारा तो झोत चेहरा सपाट करतो. त्यापेक्षा माणसाला खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असं बसवा आणि खोलीतले दिवे मालवा. दिव्यांचा पिवळा आणि खिडकीतला निळसर प्रकाश एकत्र आला की त्वचेचा रंग नंतर सुधारता सुधारत नाही. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं छिद्र) लेन्स देईल तेवढं उघडा, एफ/१.८ इतकं मोठं असेल तर उत्तमच. शटरचा वेग मात्र १/१२५ सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. लहान मूल असेल तर १/२५० तरी हवंच. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० वर गेला तरी बिनधास्त जाऊ द्या. त्यामुळे फोटोत दिसणारे दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो मात्र वाया जातो. स्थिर वस्तू असेल तर ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि आयएसओ १००. शक्यतो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.