बी.एड.च्या वहीत सापडलेला आजीचा बिशप

आईवडिलांकडून आलेल्या पंथाशी एखादं नातं ध्यानीमनी नसताना कुणाला सापडलंय का, असं तुम्ही विचारलंय. मला सापडलं, आणि तेही माझ्याच बी.एड.च्या वहीत.

माझे वडील सातारा जिल्ह्यातले, फौजेत होते. आई लेहची, तिथल्या मोरेव्हियन चर्चमधली, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका जुन्या प्रोटेस्टंट पंथाची. ती लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणे जात विचारली. आईने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "आम्ही मोरेव्हियन." काकू खूश. "मोरे व्हय! मग जावळीचं का?" तो गैरसमज कुणी दूर केला नाही. माझ्या लेखी आईचा पंथ म्हणजे हा किस्सा आणि नाताळात गॅलरीत लागणारी कागदाची टोकदार चांदणी, बस.

बी.एड.ला कोमेनियसवर टीप पाठ केली होती. जन्म १५९२. मूर्ताकडून अमूर्ताकडे, आधी मातृभाषा, मुलगे-मुली सगळ्यांना शाळा, आणि १६५८ चं 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक. गाइडमध्ये 'थोर युरोपीय शिक्षणतज्ज्ञ' यापलीकडे माणसाचा पत्ता नव्हता. आमचीही विचारायची इच्छा नव्हती.

आजी गेली तेव्हा लेहला गेलो. मामाच्या स्वयंपाकघरात चर्चचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर काळी टोपी घातलेला, छातीपर्यंत दाढी आलेला म्हातारा. मी उडालेच. "मामा, ये तो कोमेनियस है!" मामाने गुरगुर, म्हणजे लोणी-मिठाच्या, चहाचा पेला खाली ठेवला. "हाँ, हमारे बिशप थे." आमचे! मला वाटत होतं तो परीक्षा मंडळाचा आहे.

मग मी बसून वाचलं. चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या यान हुस या धर्मोपदेशकाला १४१५ मध्ये जिवंत जाळलं. त्याला मानणाऱ्यांतून १४५७ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, ही बंधुमंडळी, म्हणजे आईचा पंथ, उभी राहिली. पुढे धर्मयुद्धांच्या धुमाळीत त्यांना देश सोडावा लागला, त्यात कोमेनियसही होता. १६५६ मध्ये पोलंडमधलं लेश्नो गाव जळालं तेव्हा त्याची कैक वर्षांची हस्तलिखितं राख झाली. १६७० मध्ये तो ॲमस्टरडॅममध्ये वारला. पंथ बुडाल्यातच जमा होता. पण शेजारच्या मोरेव्हिया प्रांतातल्या (पंथाचं नाव तिथूनच) काही घरांनी तो लपूनछपून जपला. त्यातली माणसं १७२२ मध्ये सरहद्द ओलांडून जर्मनीतल्या सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर आली आणि हेर्नहूट हे गाव वसलं. या नव्या मंडळींना १७३५ मध्ये पहिला बिशप मिळाला, त्याला दीक्षा देणारा याब्लोन्स्की हा कोमेनियसचा नातू, लेकीचा मुलगा. इथे मी थांबले. म्हणजे त्यांच्याकडेही धागा लेकीच्या बाजूनेच आला होता.

लडाखला ही मंडळी आली ती खरं तर वाट अडवल्यामुळे. १८५३ मध्ये निघालेल्या हाइडे आणि पागेल या मिशनऱ्यांना मंगोलियाला जायचं होतं. तिकडे जाऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी हिमाचलात, मनालीपलीकडच्या लाहौलमध्ये केलाँगला बस्तान बसवलं, आणि १८८५ मध्ये लेहला मिशन सुरू झालं. माझी आजी त्या हुकलेल्या प्रवासाची कमाई म्हणायची.

दुसरी गोष्ट मोज्यांची. मनालीला आपल्याकडची टूर गेली की मॉल रोडवरून नक्षीचे लोकरी मोजे घेतल्याशिवाय परतत नाही. आमच्या कपाटातही तीन जोड होते, एक कुणीतरी टूरवरून आणून आईलाच भेट दिलेला! लाहौलच्या बायकांना सुयांवरचं विणकाम शिकवलं ते केलाँगच्या मिशनऱ्यांच्या बायकांनी, त्यात मारिया हाइडे पुढे. हे वाचून दाखवलं तेव्हा आईने तो भेटीचा मोजा उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "टाके सैल आहेत. माझ्या आईने उसवून परत घालायला लावले असते."

आणि ती चांदणी? जर्मनीत नीस्कीच्या मोरेव्हियन शाळेत ती भूमितीचा सराव म्हणून बनवायला घेतली होती. मी सहावीला भूमिती शिकवते आणि इतकी वर्षं चौकोनी ठोकळ्याच्या घड्या घालून घेतेय. यंदा चांदणीच करणार. मुलं आकाशकंदील म्हणतील, म्हणू देत.

तुम्ही स्वतः शोधायला बसणार असाल तर वंशावळ नंतर बघा. आधी माळा, कपाटं आणि जुन्या वह्या काढा. वंशावळीत नावं मिळतात, त्या नावांची सवय काय होती ते मिळत नाही.

लेहहून परतल्यावर ती वही शोधून आईपुढे ठेवली. हा बिशप, हे त्याचं पुस्तक, हे सगळं मी पाठ केलं होतं, असं भरभरून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मार्क किती पडले?"

पाचपैकी अडीच.