जुन्या फोटोवर उमटलेली केशरी तारीख कशी काढायची?

तुमची अडचण अशी दिसतेय: आई-बाबांचा १९९४ चा फोटो, खालच्या उजव्या कोपऱ्यात केशरी तारीख. तिचा अर्धा भाग हिरवळीवर आणि अर्धा नेमका आईच्या साडीच्या काठावर. मोबाइलच्या ॲपने पुसली तर काठावर तांबूस डाग राहतो.

डाग का राहतो ते आधी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. त्या कॅमेऱ्यांत तारीख शाईने छापली जात नसे, मागच्या झाकणातला बारीकसा दिवा ती उजेडाने थेट फिल्मवर उमटवायचा. उजेड पसरतो, म्हणून प्रत्येक आकड्याभोवती पुसट केशरी वलय असतं. आपण बोटाने फक्त आकडे रंगवतो, वलय बाहेर राहतं आणि ॲप भरायचा रंग त्या वलयातूनच उचलतं. तेव्हा खुणा करताना आकड्यांच्या बाहेरही थोडी जागा सढळ हाताने धरा. (निगेटिव्ह शोधून नवी प्रत काढायचा विचार असेल तर सोडून द्या, तारीख निगेटिव्हवरच आहे.)

हिरवळीचं काम मोबाइलवर होईल. स्नॅपसीडमधलं हीलिंग किंवा गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेझर गवत, आकाश, भिंत असलं व्यवस्थित भरतं.

काठ मात्र त्याच्यावर सोडू नका. तिथे नक्षी आहे, आणि ती नक्षी मनाने रचलेली दिसली तर आईच पहिली ओळखेल. फोटोचा मोबाइलने फोटो न काढता तो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि टिफ म्हणून, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलच्या रूपात, ठेवा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडेला जी किरकोळ घाण साचते, तीही मग नसते. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी फुकट आहे, टूल्सची नावं जवळपास तीच. गिंपही चालेल, फक्त तिथे नमुना उचलायला ऑल्टऐवजी कंट्रोल दाबून क्लिक करायचं.

मूळ चित्रावर एक रिकामा लेअर (पारदर्शक थर) घ्या आणि क्लोन स्टॅम्पच्या (एका जागेचा तुकडा दुसरीकडे जसाच्या तसा उमटवणारं टूल) सॅम्पल पर्यायात 'करंट अँड बिलो' निवडा. म्हणजे चुकलं तरी खालचा फोटो शाबूत. आता ऑल्ट दाबून काठाचा शेजारचा स्वच्छ तुकडा उचला. नक्षीतला एखादा ठळक बिंदू, बुट्टीचं टोक म्हणा, पकडा आणि तारखेखाली त्याच जागी असलेल्या बिंदूवर तो तंतोतंत बसवा. एकदा जुळलं की पुढची नक्षी आपोआप जुळत जाते. निऱ्या आल्या की काठ वळतो, तिथे एकाच ओढीत पूर्ण करायचा हट्ट धरू नका. प्रत्येक निरीला नवा नमुना घ्या.

तारखेखाली नक्षी नक्की कुठे आहे हे कळत नसेल तर एक युक्ती. चॅनल्समध्ये, म्हणजे चित्राचे लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे दिसतात तिथे, जाऊन फक्त निळा चॅनल पाहा. केशरी रंगात निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे तारीख तिथे बऱ्याचदा फिकी पडते आणि खालची जरीची नक्षी दिसू लागते. मला हे उशिरा कळलं, तोवर दोन फोटोंवर अंदाजपंचे काठ विणून झाले होते.

हीलिंग ब्रश (उमटवलेला तुकडा आजूबाजूच्या रंगात मिसळवणारं टूल) सगळ्यात शेवटी, तोही काठाच्या आत रंगातला उरलेला फरक मिटवायला. काठ आणि गवत मिळतात त्या रेषेवर तो फिरवलात तर हिरवा रंग साडीत झिरपेल. आणि ब्रश फार मऊ ठेवू नका. मऊ कडा एकमेकींवर आल्या की फिल्मचा रवा (बारीक दाणेदारपणा) गुळगुळीत होतो आणि दुरुस्त केलेली जागा प्लॅस्टिकसारखी चकाकते. मी साधारण निम्मी हार्डनेस ठेवतो. काम दोनशे टक्के मोठं करून करा, पण बरं झालंय की नाही ते शंभर टक्क्यांवरच ठरवा.

पुसण्याआधी ती तारीख फाइलच्या नावात लिहून ठेवा. मात्र लिहिण्याआधी आईला एकदा विचारा. आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्याशेजारी उभं राहून काढलेल्या फोटोवर मे महिना आहे. कॅमेऱ्याचा सेल बदलल्यावर तारीख पुन्हा लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.