महाभारत वाचून पटकथालेखक होता येईल का?

सप्रेम नमस्कार.

आपण कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहात, पटकथालेखनात उतरू इच्छिता आणि पहिल्या मोठ्या लेखनासाठी कर्णाची निवड केली आहे, असे आपल्या पत्रावरून समजले. ‘महाभारतावर सगळे लिहून झाले, आता त्यात नवे काय सापडणार?’ असे घरचे विचारतात, हेही आपण लिहिले आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र तो महाभारतापेक्षा आपल्या निवडीला अधिक लागू पडतो. कर्णावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की त्याच्याकडे स्वतःच्या नजरेने पाहणे नवोदिताला फार अवघड जाते.

पात्र उचलण्याआधी या ग्रंथाची रचना अभ्यासावी, असे मी सुचवेन. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती ऋषींना जी कथा सांगतो, ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या तोंडून ऐकलेली असते आणि तिच्या पोटात पुन्हा संजय धृतराष्ट्राला युद्ध सांगत असतो. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येऊन आधी भीष्म पडल्याची वार्ता देतो आणि दहा दिवसांचे युद्ध त्यानंतर उलगडते. शेवट कळूनही ताण ओसरत नाही, कारण ऐकणारा आपल्या पुत्रांच्या भवितव्यासाठी कासावीस झालेला बाप आहे. वनपर्वात बृहदश्व ऋषी द्यूतात राज्य गमावलेल्या नळाची कथा ऐकवतो तीही द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला. उपकथा कोणाला आणि कोणत्या क्षणी सांगावी, याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

यासाठी मालिकांवर विसंबू नका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलेले आणि 1966 मध्ये पूर्ण केलेले चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या पाठाचे काम आपल्याला आधाराला आहे. त्या आवृत्तीच्या सभापर्वात मयसभेतील फजितीचा प्रसंग पाहा. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसतात. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचे म्हणून गाजलेले वाक्य तेथे नाही. पुढे दुर्योधन हीच हकीकत धृतराष्ट्राला सांगतो, तेव्हा मात्र हसणाऱ्यांत स्त्रियांसह द्रौपदीही येते. दुखावलेला माणूस घडलेली गोष्ट कशी सांगतो, हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की कळते आणि माझ्या मते एक अख्खी पटकथा या फरकातच दडलेली आहे.

विषय लहान निवडा. भर सभेत द्रौपदीची बाजू मांडणारा दुर्योधनाचा भाऊ विकर्ण युद्धात दुर्योधनाच्याच बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून मारला जातो. धृतराष्ट्राचाच पुत्र असलेला युयुत्सू मात्र युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे जातो. या दोघांवर दोन पात्रांची आणि एका जागेची छोटी संहिता लिहिता येईल. रणांगण, रथ आणि सैन्य लागणारी संहिता नवख्या लेखकाकडून कोणी सहसा विकत घेत नाही, हा व्यवहारही ध्यानात असू द्या.

पदवी अर्धवट सोडू नका. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील पटकथालेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ती लागतेच. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतून पडताळून घ्या आणि तोवर वर सुचवलेली संहिता पूर्ण करा.

मूळ महाभारतावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. आधुनिक अनुवाद, कादंबऱ्या आणि नाटके यांच्यावर मात्र तो असू शकतो आणि भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. म्हणून एखाद्या कादंबरीकाराने कल्पिलेला प्रसंग व्यासांचा समजून आपल्या संहितेत घेऊ नका. संहिता निर्मात्याकडे पाठवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन तिथे तिची नोंदणी करून घ्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक